शाळेचा सण खोटा कसा झाला

‘त्या दुःखद प्रसंगाने गाण्याच्या बाईंचे मन इतके दुखावले की त्यांनी पुन्हा कधी पेटीला हात लावला नाही. बाईंच्या अबोल्याबरोबर आपल्या शाळेचा शारदोत्सवही मुका झाला, तो आजतागायत.’

आमच्या सौंसरच्या शाळेने वर्धापनदिनानिमित्त काढलेल्या स्मरणिकेतील ही वाक्ये आहेत. लिहिणारा माझाच विद्यार्थी. भूमितीत तो कच्चा होता, सिद्धतेच्या मधल्या पायऱ्या गाळून एकदम ‘म्हणून’ लिहायचा, आणि त्याबद्दल मी त्याला बाकावर उभे केलेले आहे. चांगल्या सरकारी पदावर तो पोचला. सवय मात्र नोकरीत सुटली नाही असे दिसते. स्मरणिकेची प्रत त्याने मला ‘आपला नम्र’ अशी सही करून पाठवली. मी ती तशीच कपाटात टाकली असती. माझ्याविषयी गावात याहून वाईट बोलले जाते आणि त्याला मी उत्तर देत नाही. पण हे माझ्याविषयी नाही.

बाई आता हयात नाहीत. पांढुर्ण्याला राहत्या घरी त्या गेल्या, आणि वर्ष भरायच्या आत ही स्मरणिका घरोघर पोचली. त्यांची मुलगी ती घेऊन माझ्याकडे आली. ओसरीवर बसली, चहा घेतला नाही.

‘काका,’ ती म्हणाली, ‘लोक बोलत होते तवर चालून गेलं. आता छापून आलं. माह्या पोराईनं वाचलं. धाकटी मले इचारते, आजीनं शाळेचं गाणं बंद केलं का म्हून? म्या काय सांगू तिले?’

‘आईनं तुला काय सांगितलं होतं?’

‘आई त्यातलं काहीच बोले नाही. पेटीचं नाव काढलं की उठून सैपाकघरात जाये.’

मी तिला म्हणालो की मी लिहितो. तेच लिहीत आहे. मी भांडखोर म्हातारा आहे, असे सांगून हे बाजूला सारणारे सारोत. भांडखोर मी आहेच. खोटे बोलणारा मात्र नाही, आणि त्या शाळेत गणित शिकवता शिकवता दरवर्षी शारदेपुढे डग्गा-तबला मीच वाजवत होतो.

ऐंशीचे दशक निम्मे सरले होते. आमच्याकडे शाळेचा शारदोत्सव नवरात्रातल्या अष्टमीला होई. सकाळी मधल्या हॉलमध्ये सतरंज्या पडत, मातीची शारदा बसे, तिच्या दोन्ही अंगांना ज्वारीची हिरवी धांडे बांधत आणि पुढे पाट्यांची चळत. मग गाणी, मग आरती, मग फुटाणे-खोबरे. एवढेच. परंतु गाणी आमची होती. आश्विनात आमच्या भागातल्या मुली घरोघर भुलाबाई मांडून तिच्यापुढे ज्या चाली म्हणत फिरतात, त्याच चालींवर बाईंनी शारदेची गाणी बांधली होती. शब्द त्यांचे, चाल सगळ्यांच्या घरची. त्यामुळे हॉलमध्ये मुली गाऊ लागल्या की खिडक्यांबाहेर उभ्या असलेल्या आयाही नकळत ओठ हलवत. बाई पांढुर्ण्याहून पहिल्या बसने येत आणि नवरात्राच्या आधीच्या पंधरवड्यात शेवटच्या बसने जात. त्याचा त्यांना कुणी मोबदला दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

हा उत्सव सुरू केला होता मोठ्या गुरुजींनी. शाळा जेव्हा कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या टिनाखाली भरत असे, तेव्हाचे ते हेडमास्तर. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी अष्टमीला ते येत, शारदेच्या उजव्या हाताला आरामखुर्चीवर बसत आणि डोळे मिटत. आरतीचे ताट पुढे येईपर्यंत ते डोळे उघडत नसत. गाणे ऐकताना गुरुजींना कुणी हाक मारायची नाही, हा शाळेतला अलिखित नियम होता आणि पहिलीतले मूलही तो पाळत असे.

त्या वर्षी आरतीचे ताट घेऊन एक मुलगी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. गुरुजींचा हात ज्योतीकडे आला नाही. मुलगी शिकवल्याप्रमाणे तशीच उभी राहिली. आरतीचे दुसरे कडवे झाले, तिसरे सुरू झाले. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि मी तबला थांबवला.

ते केव्हा गेले, हे कुणालाच सांगता आले नाही. डॉक्टरांनाही नाही. बाईंची पेटी मुलांकडे तोंड करून असे, गुरुजींची खुर्ची त्यांच्या पाठीमागच्या अंगाला होती. गुरुजी मला समोर दिसत होते, आणि मलाही ते ऐकतच आहेत असे वाटले. सगळ्या हॉलला तसे वाटले. तरी तेराव्याच्या आत गावात बोलणे फिरले ते एकट्या बाईंविषयी. मढ्यासमोर गात राहिली. सौंसरच्या बसमध्ये दोन बाया एकमेकींना कोपर मारून हे म्हणाल्या, तेव्हा बाई त्यांच्या पुढच्याच बाकावर होत्या. मला त्यांनी ते दुसऱ्या दिवशी सांगितले, आणि सांगताना तपासायच्या वह्यांवरून नजर वर केली नाही.

स्मरणिकेतला ‘दुःखद प्रसंग’ तो हा. आणि इथून पुढच्या पायऱ्या माझ्या विद्यार्थ्याने गाळल्या आहेत.

गुरुजींच्या दहाव्याला आम्ही नदीवर जमलो होतो. पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत लोक सावलीला बसले होते. तिथे संत्र्याच्या बागा असलेले एक पाटील, ज्यांची नातवंडे आमच्या शाळेत होती, सहज बोलल्यासारखे बोलले, ‘पुढच्या सालापासून शाळेत शारदा बसणार नाही म्हणा आता.’

‘काहून?’ मी विचारले.

‘मास्तर, तुमी का परदेशातून आले काय? सणाच्या दिवशी ज्या घरात मयत झाली, त्या घरचा तो सण खोटा झाला. तुमच्या घरी पाळत नाही का?’

पाळत होतो. या भागातले कुठले घर पाळत नाही? दिवाळीला कुणी गेले तर त्या घरात दिवाळीचा दिवा लागत नाही, पोळ्याला गेले तर त्या घरचे बैल सजत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नाही. पुढे कधीतरी त्याच तिथीला त्या घरात मूल जन्मले किंवा गोठ्यात गाय व्याली, तरच सण मोकळा होतो. पण हा घराचा नियम आहे, आणि मी तेच म्हणालो.

‘पाटील, शाळा कुणाचं घर आहे? शाळेचं गोत्र सांगा. कुलदैवत सांगा.’

पाटलांच्या शेजारी कापसाचे एक अडते बसले होते. त्यांनी पानाचा तोबरा एका गालात सारला. ‘गोत्र नसन, मास्तर. पण बाप होता का नाही? गुरुजी म्हंजे शाळेचा बापच. अन् बाप गेला तो सणावरच गेला.’

‘मग आता शाळेत मूल जन्माला यायची वाट पाहायची?’ मी म्हणालो. ‘शासनानं तशी सोय अजून केलेली नाही.’

कुणी हसले नाही. पाटील मात्र सावकाश म्हणाले, ‘तुमी हासा. आमाले लेकराईची काळजी हाय. सण खोटा असून त्या हॉलात बसवले अन् उद्या एखाद्याले काही झालं, त तुमचं गणित कामी येणार नाही.’

तेवढ्यात कावळा शिवला आणि लोक उठले. गावाचा निर्णय तिथे, त्या सावलीत झाला. कुठल्या सभेत नाही, कुणाच्या हुकमाने नाही. चांगली माणसे होती. गुरुजींवर त्यांचा जीव होता आणि म्हणूनच त्यांनी शाळेला गुरुजींचे घर मानले. शाळेला घर मानायचे आणि मग घराचा सगळ्यांत कठोर नियम तिला लावायचा, ही चूक आमच्याच मातीत होऊ शकते.

मी हे सगळे शिक्षकांच्या खोलीत बाईंना सांगितले ते रागाने. मला वाटले त्या रडतील. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘मूल किंवा वासरू, असं म्हणाले ना?’

‘म्हणायला काय जातं त्यांचं?’

‘मूल नाही जमणार. पण वासरू जमन का, सर?’

ज्या बाईने उत्सव मुका केला असे आज छापले गेले आहे, तिचे हे शब्द आहेत. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या स्वतः पाटलांच्या बागेत गेल्या. सोबत मी होतो. पाटलांची एक तांबडी गाय गाभण होती आणि दिवस मोजले तर नवरात्राच्या आसपास येत होते. बाई म्हणाल्या, ‘पाटील, तुमची गाय शाळेला द्या. तिथंच बांधू. अष्टमीला व्याली तर सण मोकळा होईल ना?’

पाटलांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. ‘उसनी चालणार नाही, बाई. परायी गाय व्याली त त्याचा काय उपयोग? दान करावी लागन. दान देल्ली म्हंजे मग शाळेचीच झाली.’

‘मग करा दान.’

आणि त्या माणसाने केली. खणा-नारळाने गाईची ओटी भरून त्याने ती शाळेच्या विहिरीजवळ, कडुनिंबाखाली आणून बांधली. म्हणून मी पाटलांना वाईट म्हणत नाही. फक्त ते चुकले असे म्हणतो.

आमचा भाग मराठी बोलणारा, पण राज्य हिंदी; त्या वेळचे आमचे हेडमास्तर नरसिंहपूरकडचे, हिंदी बोलणारे. आजकाल दुसरी एक कहाणी सांगितली जाते की मराठी गाणी त्यांना खपत नव्हती, त्यांनीच उत्सव बंद पाडला. हेही खोटे. गाय पाहून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मास्साब, त्योहार तो हमारे उधर भी खोटा होता है, मैं क्या बोलूँ? पर इंस्पेक्शन आ गया तो ये गाय किस खाते में दिखाऊँ?’

बाई मागेच उभ्या होत्या. ‘खेती के विषय में दिखा दीजिए, सर.’

‘और दूध?’

‘पहले बछड़ा तो होने दीजिए.’

ते हसले आणि गाईला सरकीची ढेप त्यांनी स्वतः आणून घातली. असा माणूस गाणे बंद पाडतो?

मग तालीम सुरू झाली, कडुनिंबाखाली, गाईच्या साक्षीने. सुरुवातीला पेटीचा भाता उघडला की गाय कान टवकारी. पुढे तिला सवय झाली. मुली मधल्या सुटीत तिच्या पोटाला कान लावून पाहत. ‘बाई, हाललं! बाई, म्या ऐकलं!’ एक अगदी बारकी मुलगी तिच्या कानात जाऊन रोज एकच सांगे, ‘अष्टमीले हो बरं, सप्तमीले नको होऊ.’ बाई पेटीवर बोटे ठेवून हे ऐकत आणि मग नवीन ओळ सांगत. त्या वर्षाची गाणी आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा चांगली बसली होती. हे मी तबल्याच्या बाजूने सांगतो. तालात खोट असती तर मला कळली असती.

अष्टमी उजाडली. गाय कास भरून उभी होती आणि रवंथ करत होती.

गावाने त्या सकाळी काय केले ते मी पाहिले आहे. मुलांना न्हाऊमाखू घातले गेले, मुलींच्या वेण्यांत फुले माळली गेली, आणि सगळ्यांना दारात उभे करून ठेवले गेले. गाय व्याली की सोडतो. बापे सायकलवर येत, शाळेच्या भिंतीवरून मान उंच करून कडुनिंबाकडे पाहत आणि परत जात.

‘काय म्हणते?’ वाटेत दुसरा विचारी.

‘काही नाही बाप्पा. कडबा खाऊन राहिली.’

‘लक्षण?’

‘लक्षण त हाय. पण तिले घाई नाही.’

हेडमास्तर फाटकाशी उभे राहून येईल त्याला हात जोडत होते, ‘भेज दीजिए भाईसाहब, बच्चों को भेज दीजिए.’ लोकही हात जोडत आणि म्हणत, ‘होय सर, होय. गाय होऊ द्या फक्त.’ यात माझे घरही आले. माझ्या दोन्ही मुलांना माझ्या आईने दारात अडवले होते, आणि तिच्याशी भांडून मी एकटाच निघालो होतो. गावभर भांडणारा मी घरात हरलो, हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी ते शोध लावल्यासारखे लिहायला नको.

गाय त्या दिवशी व्याली नाही. ती व्याली नवमीला, शाळेला सुटी असताना. गोऱ्हा झाला, धट्टाकट्टा. लोकांनी त्यावरून निष्कर्ष काढला की देवीच्याच मनात नाही. मी पाटलांना गाठले आणि म्हणालो, ‘एका दिवसासाठी?’ पाटील मान खाली घालून म्हणाले, ‘दिवस नाही, मास्तर. तिथी.’ त्यांचा आवाज पडला होता. गाय त्यांनी परत नेली नाही. दान दिलेली गाय परत नेत नाहीत. पुढे ती शाळेच्या आवारातच म्हातारी झाली, आणि शारदा पुन्हा बसली नाही. तिसऱ्या वर्षी कुणी विषय काढला नाही. त्यानंतरच्या मुलांना असा काही उत्सव होता हेच ठाऊक नव्हते.

पुढच्या सत्रात बाईंची बदली मोहगावला झाली. ती त्यांनी मागितली, असेही सांगतात. मागितली असती तर पांढुर्ण्याची मागितली असती; राहत्या गावाच्या उलट्या दिशेची बदली कुणी मागून घेत नाही. पेटी शाळेची होती, ती शाळेत राहिली. कचेरीतल्या बाबूंनी ती फुटबॉल आणि नेट यांच्यासोबत खेळाच्या कपाटात ठेवून कपाट लावून घेतले. भात्याला पुढे उंदीर लागले. मोहगावच्या शाळेत पेटी नव्हती. तिथे बाईंनी निवृत्त होईपर्यंत व्याकरण शिकवले. म्हणजे त्यांचे गाणे संपले हे खरे आहे. मी ते नाकारत नाही. घरीसुद्धा त्या गुणगुणत नसत असे मुलगी सांगते, तेही खरे असेल. मी एकदा त्यांना मोहगावच्या बसस्टँडवर भेटलो होतो. नवरात्र जवळ आले होते, शेजारच्या घरात मुली भुलाबाईची गाणी म्हणत होत्या. बाई बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सर, आपण तिकडं उभं राहू या का? इथं फार आवाज येतो.’ आम्ही डांबराच्या पिंपांपाशी जाऊन उभे राहिलो. नंतर बस आली.

परंतु गाणे संपणे आणि गाणे बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या विद्यार्थ्याने पहिलीच्या जागी दुसरी लिहिली. ‘मन दुखावले’ ही त्याची भाषा मऊ आहे, वाचणाऱ्याला ती आदराची वाटते; पण तिच्यामुळे सगळे गाव सुटते आणि एक बाई अडकते. तो हे कशाच्या आधारावर लिहितो? मी त्याला फोन करून विचारले. तो म्हणाला, ‘सर, मला आठवतं ना. मी शाळेतच होतो तेव्हा.’

शाळेत होता, पटावर होता. आता त्या अष्टमीच्या सकाळी हॉलच्या आत काय झाले ते सांगतो.

सतरंज्या पहाटेच घातलेल्या होत्या. शारदेपुढे समई तेवत होती. घंटा झाली, कुणी आले नाही. दुसऱ्यांदा घंटा झाली. खिडकीतून समोरच्या घराच्या दारात उभी असलेली मुलगी दिसत होती, फुले माळलेली, आणि तिच्या खांद्यावर तिच्या आईचा हात. बाई खिडकीशी जाऊन तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. मग येऊन पेटीपुढे बसल्या आणि पदर खोचला.

‘सर, तबला घ्या.’

‘बाई, गाय अजून—’

‘गाणं काय गायीनं म्हणायचं हाय?’

मी तबला पुढे ओढला. त्यांनी भाता उघडला.

पुन्हा पेटीला हात लावला नाही, असे जे छापले आहे, त्याचा निकाल लावायला एकच वस्तुस्थिती पुरेशी आहे. सणाला खोट लागल्यानंतरच्या त्या अष्टमीला बाई पहिल्या गाण्यापासून आरतीच्या शेवटच्या कडव्यापर्यंत सगळे गायल्या, आणि समोरच्या सतरंज्यांवर शाळेतले एकही मूल नव्हते.